खाडीच्या धक्क्यावरून छोटी होडी पाण्यात उतरवताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

वाशीच्या पुलावरून लोकलने जाताना ठाणे खाडी कधी काठोकाठ भरलेली दिसते, तर कधी दोन्ही बाजूंना करडा चिखल उघडा टाकून मधल्या पट्ट्यात आक्रसलेली दिसते. या खाडीत स्वतःची होडी उतरवू पाहणाऱ्याने या दोन रूपांमधले अंतर आधी समजून घ्यावे, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्यातूनच निघतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी नुकतीच एखादी प्लास्टिकची कयाक किंवा दहा-बारा फुटांची फायबरची होडी घेतली आहे आणि तिवरांच्या रानात असलेल्या एखाद्या सार्वजनिक धक्क्यावरून ती पाण्यात घालायची आहे. धक्क्याला लागून पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा पट्टा असतो, त्याला काही जण रॅम्प म्हणतात, काही स्लिपवे; मी त्याला उतार असेच म्हणणार आहे.

धक्का कोणाचा, हे आधी विचारावे

वाशीगाव, सारसोळे, दिवाळे अशा कोळीवाड्यांपाशी धक्के आहेत आणि तिथे रोज पहाटेपासून मासेमारीचे काम चालते. ते धक्के सार्वजनिक असले तरी मोकळे नसतात. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांचा हक्क पहिला, हे मनात पक्के ठेवूनच तिथे जावे. पहिल्या दिवशी होडी घरीच ठेवावी. नुसते जावे, धक्क्यावर बसलेल्या एखाद्या काकांना किंवा मासळी निवडणाऱ्या मावशींना आपण काय करू इच्छितो ते नीट सांगावे, उतारावर कोणत्या वेळी गर्दी असते, मोटार कुठे उभी केलेली चालेल आणि स्थानिक मच्छीमार संस्थेला विचारावे लागते का, हे समजून घ्यावे. माझा अनुभव असा की आधी विचारणाऱ्याला जागा मिळते, आणि विचारल्याशिवाय उतारावर मोटार लावणाऱ्याला ती पुढच्या खेपेसही मिळत नाही.

कागदपत्रांची बाजूही याच टप्प्यावर पाहावी. होडीला इंजिन असेल तर नोंदणी लागते. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जावे. केवळ वल्ह्यांवर चालणाऱ्या होडीबाबतही तिथे एकदा विचारून घेणे शहाणपणाचे आहे. दुसरी बाब वन विभागाची आहे. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यानचा खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही आहे. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय होडी नेता येत नाही, आणि पाण्यात कुंपण नसल्यामुळे नवी मुंबईच्या काठावरून निघालेला माणूस गप्पांच्या नादात सहज पलीकडे जाऊन पोचतो. म्हणून निघण्यापूर्वी नकाशा पाहून, आपण खाडीची मध्यरेषा ओलांडणार नाही, एवढे तरी ठरवून टाकावे. काठावरची तिवरे कुठल्याही हद्दीत असली तरी त्यांना हात लावू नये. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडण्यावर कडक बंदी आहे, आणि होडी बांधण्यासाठी वाकवलेली फांदीसुद्धा तुटते.

ज्यांनी अजून खाडी पाण्यावरून पाहिलेलीच नाही त्यांना मी आधी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या वन विभागाच्या बोटीत बसून एक फेरी करण्यास सांगतो. त्या बोटींच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, यातच नवख्याला पहिला धडा मिळतो. फेरीत पक्ष्यांबरोबर बोट चालवणाऱ्याच्या हातांकडेही पाहावे. तो कुठे वेग कमी करतो, कोणत्या खांबांपासून लांब राहतो आणि वळण घेताना कोणत्या बाजूने घेतो, हे फुकट मिळणारे शिक्षण आहे.

वेळ कशी ठरवावी

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आजकाल भरतीचे कोष्टक फोनवर मिळते आणि ते पाहावेच, परंतु कोकणातला जुना हिशेबही पाठ असू द्यावा, कारण त्यामुळे कोष्टकातली चूक किंवा आपली वाचण्यातली चूक लगेच लक्षात येते. हिशेब असा : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. शिवाय कोष्टकातली वेळ बहुधा मुंबई बंदराची असते आणि खाडीच्या आतल्या टोकाला भरती त्यानंतर पोचते. आपल्या धक्क्यावर ती किती उशिरा येते हे दोन-तीन वेळा घड्याळ घेऊन तिथे उभे राहिल्यावरच कळते.

वेळेइतकाच महत्त्वाचा प्रश्न पाणी किती चढते आणि उतरते हा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वरही जातो. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांगाची भरती असते आणि तेव्हा तो दीड मीटरच्या आसपास राहतो. हे पाणी सगळा वेळ सारख्या गतीने उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी चार मीटरचा फरक धरला, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला एक मीटर पाणी खाली जाते. उताराचा ढाळ साधारण आठास एक असेल, तर एक मीटर पाणी उतरले म्हणजे पाण्याची कड सिमेंटवरून आठ मीटर खाली सरकली. जवळजवळ दोन मोटारींची लांबी एका तासात. आणि उतार कुठेतरी संपतो. त्यापुढे चिखल सुरू होतो.

हे मी कोष्टकावरून शिकलो नाही. होडी घेतली त्या वर्षी पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला, पाऊण वाजताची भरती पाहून, मी साडेअकराला निघालो आणि पाणी भरपूर आहे अशा समजुतीत साडेतीनला परतलो. उताराचे शेवटचे टोक समोर दिसत होते आणि माझ्या नि त्याच्या मध्ये चाळीस पावलांचा चकचकीत चिखल होता. एक पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत गेला; पाय वर आला, चप्पल आली नाही. धक्क्यावर जाळे शिवत बसलेल्या एका आजोबांनी मान वर करून पाहिले आणि तितक्याच शांतपणे सांगितले, “बसा आता तिथंच. पानी याला रातचे दहा वाजतील.” दहा वाजून वीस मिनिटांनी होडी हलली. माझ्याकडे बॅटरी नव्हती, पिण्याचे पाणी संपले होते, आणि घरून आलेले फोन घेऊन घेऊन फोनही बंद पडला होता.

त्यानंतर मी जो क्रम ठरवला तो नवख्यांनाही सुचवतो. पूर्ण भरतीच्या साधारण दीड तास आधी उतरावे आणि चढत्या पाण्याबरोबर खाडीच्या आतल्या दिशेला, म्हणजे उत्तरेकडे, वल्हवत जावे. भरती पूर्ण होऊन पाणी थबकते तेव्हा मागे वळावे. सुरुवातीची ओहोटी अंगात जोर धरण्यापूर्वी आपल्याला हलकेच परत आणते, आणि भरतीनंतर तासाभरात उतारावर पोचल्यास पाणी जेमतेम एक भाग उतरलेले असते. पहिल्या पाच-सहा खेपा दशमी, एकादशी किंवा द्वादशीच्या सकाळी कराव्यात. तेव्हा भांग असतो किंवा नुकता सरलेला असतो, प्रवाह मवाळ असतो आणि भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. हिवाळ्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून त्या दिवसांत एकादशी-द्वादशी अधिक सोयीची. सकाळची वेळ आणखी एका कारणासाठी हवी : दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, आणि वारा एका दिशेने नि प्रवाह उलट दिशेने असला म्हणजे तीच खाडी आखूड, उभ्या लाटांनी भरून जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत होडी घरी ठेवावी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारीदेखील बंद असते. दर्याची माहिती असलेले लोक नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत असतील तर आपण घाई करण्याचे कारण नाही.

होडी आणि सामान

पहिली होडी कडक प्लास्टिकची, वरून उघडी असलेली कयाक असावी असे माझे मत आहे. ती २५-३० किलोची असते, दोघांना उचलता येते, उलटली तरी बुडत नाही. हवा भरून वापरायच्या होड्या स्वस्त आणि सुटसुटीत असल्या तरी त्या या खाडीत आणू नयेत. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि भरतीत ती पाण्याखाली झाकली जातात. धक्क्याच्या दगडांना कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. यांपैकी एकाचा स्पर्श पुरे होतो.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे हवे. ते घालून, पट्टे आवळून, दुसऱ्याने खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे आणि पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मोटारीतून उतरल्याबरोबर ते अंगावर चढवावे, कारण उतारावर घसरून पडणारे लोक मी खोल पाण्यात पडणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत. पोहता येते म्हणून जॅकेट नको म्हणणाऱ्याला सोबत घेऊ नये.

पायांत लेसवाले जुने कॅनव्हासचे बूट घालावेत. अनवाणी पाय कालवांवर कापतो आणि चप्पल चिखल ओढून घेतो, हे वर आलेच आहे. खाडीत शहरांचे सांडपाणी येते, तेव्हा कापलेली जागा लगेच बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन आधीच घेऊन ठेवावे. याखेरीज प्रत्येकी दोन लिटर पिण्याचे पाणी, टोपी, शिट्टी, बॅटरी, पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा, दहा मीटर दोर आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि नेहमीचा ११२ हे क्रमांक असावेत. घरी कोणाला तरी आपण कोणत्या धक्क्यावरून निघतो आणि किती वाजता परत येणार हे सांगावे, आणि त्या वेळेनंतर तासभर वाट पाहून काय करायचे तेही सांगून ठेवावे.

उतारावर

उतारावर होडी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबू नये. सगळी तयारी, म्हणजे सामान बांधणे, वल्ही जोडणे, जॅकेटचे पट्टे आवळणे, वरच्या सपाट जागेत बाजूला करावी. फायबरच्या होडीला तळाशी पाणी काढून टाकण्याचे भोक असते आणि त्याचे बूच धुताना काढलेले असते. ते बसवले आहे का हे डोळ्यांनी न पाहता हाताने चाचपून पाहावे. बूच घरी खिडकीत राहिले आणि होडी उतारापाशीच घोट्याएवढ्या पाण्याने भरली, असे एकदा माझेही झाले आहे. मोटार लावताना वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चाक जाणार नाही हे पाहावे. करडी जाळी करड्या सिमेंटवर चटकन दिसत नाहीत, आणि त्यांतले एक फाटले तर कुणाचा तरी अख्खा दिवस शिवण्यात जातो. मासळी घेऊन होडी येत असेल तर आपली होडी उचलून बाजूला घ्यावी आणि त्यांचे काम होईपर्यंत थांबावे. टोपल्या वर न्यायला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही.

आता पाण्याकडे जाण्यापूर्वी मिनिटभर उभे राहून उताराकडे पाहावे. वरचा भाग कोरडा, पांढरट असतो. त्याखाली ओलसर राखाडी पट्टा असतो, तिथे बूट धरतो. त्याच्याही खाली काळपट हिरवा, तेल लावल्यासारखा चमकणारा पट्टा असतो. ते शेवाळ आहे आणि त्यावर कोणताही बूट धरत नाही. शेवाळावर पाय द्यायचीच वेळ आली तर टाच न टेकता संपूर्ण तळवा एकदम ठेवावा, पावले आखूड टाकावीत आणि हातांत ओझे घेऊ नये. भरतीच्या आधी दीड तास निघण्याचा आणखी एक फायदा असा की त्या वेळी पाण्याची कड बहुधा राखाडी पट्ट्यापर्यंत चढलेली असते आणि शेवाळ पाण्याखाली गेलेले असते.

कयाक दोघांनी पुढून-मागून उचलून न्यावी; सिमेंटवरून फरफटत नेल्यास तिचा तळ दोन हंगामांत झिजतो. एकट्याने जायचे असेल तर दोन चाकांचा हातगाडा मिळतो, तो वापरावा. जो माणूस पुढे, म्हणजे पाण्याच्या बाजूला, असेल त्याने उलटे न चालता कडेने चालावे.

ट्रेलरवाल्यांची संख्या आपल्याकडे थोडी आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. मागे घेण्याचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात करावा, धक्क्यावर करू नये. स्टिअरिंगच्या तळाशी हात ठेवावा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्याच बाजूला हात सरकवावा. खिडक्या उघड्या, सीटबेल्ट सोडलेले, आणि एक माणूस बाहेर उभा राहून खुणा करणारा असावा. ट्रेलरची चाके पाण्याला लागली की थांबावे, हॅन्डब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा सरकवावा. होडीचा हूक पाण्याच्या कडेला पोचेपर्यंत काढू नये, आणि काढल्यावर पुढचा दोर क्षणभरही कोणाच्या हातातून सुटू नये. मोटार लगेच वर नेऊन उतार मोकळा करावा.

कयाकमध्ये बसताना ती गुडघ्याहून कमी पाण्यात, काठाला समांतर धरावी. वल्हे पाठीमागे आडवे ठेवून त्याचे एक पाते सिमेंटवर टेकवावे आणि एक हात त्यावर रोवावा. आधी बूड बैठकीवर टेकवावे, मग एकेक पाय आत घ्यावा. नवखे लोक बसमध्ये चढल्यासारखा एक पाय आत टाकून उभे राहतात आणि तिथेच उलटतात. जवळून एखादी यांत्रिक नौका गेली असेल तर तिच्या लाटा काठावर फुटून विरेपर्यंत थांबावे.

पाण्यावरची पहिली दहा मिनिटे

वीस-पंचवीस मीटर आत गेल्यावर थांबून मागे वळून पाहावे. ही गोष्ट जवळजवळ कोणी करत नाही. जमिनीवरून जो धक्का ठळक दिसतो तो पाण्यावरून तिवरांच्या हिरव्या भिंतीतली एक बारीक फट असते, आणि अर्धा किलोमीटर दूर गेल्यावर सगळी भिंत सारखीच दिसू लागते. विजेचा उंच मनोरा, देवळाचा झेंडा, पाण्याची टाकी अशी दोन उंच, न हलणारी चिन्हे निवडावीत आणि ती एकमेकांसमोर कशी येतात हे लक्षात ठेवावे. फोनवर ठिकाण नोंदवून ठेवणे चांगलेच, पण ओल्या बोटांनी फोन ऐनवेळी चालत नाही.

त्यानंतर वल्हे वर धरून एक मिनिट स्वस्थ बसावे आणि होडी कोणीकडे वाहते ते पाहावे. प्रवाहाचा हा अंदाज घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवखा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वल्हवतो; उधाणाच्या ऐन ओहोटीत पुलाच्या खांबांमधून जाणारे पाणी त्याला सहज जुमानत नाही. पुलांचे खांब, नांगरलेल्या नौका आणि डोलजाळ्यांचे (प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) खुंट यांच्या वरच्या बाजूला, म्हणजे प्रवाह ज्या दिशेने येतो तिकडे, कधीही रेंगाळू नये, कारण प्रवाह होडीला आडवी करून त्यांच्यावर दाबून धरतो आणि मग तिला सोडवणे दोघांच्याही आवाक्यात राहत नाही. खुंटांच्या रांगेपासून चांगले लांबून, शक्यतो प्रवाह ज्या दिशेला जातो त्या अंगाने, वळसा घालावा. जाळ्यांना वल्हे लागू देऊ नये.

तिवरांमध्ये शिरणाऱ्या अरुंद फाट्यांचा मोह मोठा असतो. आत सावली असते, खंड्या असतो, चिखलावर निवट्या मासे उड्या मारत असतात. पहिल्या काही खेपांत तिथे शिरू नये, आणि नंतरही फक्त चढत्या पाण्यात शिरावे, कारण ओहोटी लागली की सगळ्यांत आधी हेच फाटे कोरडे पडतात आणि होडी वळवायलाही जागा उरत नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत फ्लेमिंगो दिसतील. त्यांनी चोच चिखलातून काढून माना ताठ केल्या म्हणजे आपण फार जवळ आलो आहोत. तिथूनच मागे फिरावे, थवा उडेपर्यंत वाट पाहू नये.

घोडबंदरच्या बाजूला गायमुख किंवा नागला बंदरच्या परिसरात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. ती ठाणे खाडी नसून उल्हास नदी समुद्राला मिळताना झालेली वसईची खाडी आहे. तिथे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर पाण्याजवळ येतात आणि देखावा अधिक सुंदर आहे, परंतु रेती उपशामुळे तळ कुठे उथळ तर कुठे एकाएकी खोल झालेला आहे. काठाजवळ पाय टेकेल अशा भरवशावर तिथे होडीतून उतरू नये.

परत येताना

उताराजवळ येताना प्रवाहाच्या दिशेने न येता त्याच्या उलट येता येईल असे थोडे पुढे जाऊन वळावे, म्हणजे होडीची नाळ (पुढचे टोक) प्रवाहाला तोंड देऊन राहते आणि वेग आपल्या हातात राहतो. उतारावर आधीच कोणी असेल तर पाण्यातच थांबावे. उतरण्याआधी वल्ह्याने तळ चाचपून पाहावा : सिमेंटवर वल्हे ठक् वाजते, चिखलात ते आवाज न करता आत जाते. ठक् ऐकू आल्याशिवाय पाय बाहेर काढू नये, आणि आवाज आला तरी पायाखाली शेवाळ असणारच असे गृहीत धरून एका हाताने होडीला धरून ठेवावे.

उशीर झालाच आणि उताराखाली चिखल उघडा पडलेला दिसला, तर त्यात उतरून होडी ओढण्याचा प्रयत्न करू नये. मांडीपर्यंत रुतलेल्या माणसाला सहसा स्वतःहून निघता येत नाही आणि त्याला काढायला जाणारा दुसरा माणूसही रुततो. होडीतच बसावे. धक्क्यावर माणसे असतील तर त्यांना हाक मारून आपण ठीक आहोत हे कळवावे, घरी फोन करावा, मग फोन बंद करून ठेवावा. पाणी, टोपी आणि बॅटरी ही यादीत का होती ते तेव्हा पटते. चुकून रुतलातच तर धडपडू नये. मागे रेलून अंगाचे वजन होडीवर किंवा आडव्या वल्ह्यावर टाकावे आणि बूट गेला तरी चालेल अशा बेताने पाय सावकाश हलवत मोकळा करावा.

होडी वर आणल्यावर उतार लगेच मोकळा करावा आणि चिखल धुणे वरच्या जागेत करावे. आणलेला कचरा परत न्यावा; काठावर अडकलेली एखादी पिशवी हाताशी आली तर तीही घ्यावी. घरी गेल्यावर होडी, वल्ही, जॅकेट आणि दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. खारे पाणी बकल आणि स्क्रू खाते. इंजिन असेल तर त्यातूनही गोडे पाणी खेळवावे. बूच वाळत ठेवायचे ते सुकाणूलाच दोरीने बांधून ठेवावे, खिडकीत ठेवू नये.

शेवटी एक वही करावी. प्रत्येक खेपेची तिथी, कोष्टकातली भरतीची वेळ, आपल्या धक्क्यावर ती प्रत्यक्ष किती वाजता आली, निघताना आणि परतताना पाण्याची कड उतारावर कुठवर होती आणि वारा कोणत्या बाजूचा होता, एवढेच लिहावे. धक्क्याच्या भिंतीवर पायऱ्या किंवा लोखंडी कडी असेल तर पाण्याची उंची तिच्यावरून मोजता येते. माझ्या धक्क्यावर खालून तिसऱ्या कडीखाली पाणी गेले की पुढच्या तासाभरात चिखल दिसू लागतो. दहा-बारा पाने भरली की त्या धक्क्यापुरते तुमचे स्वतःचे कोष्टक तयार होते. माझ्या वहीत त्या प्रतिपदेच्या पानावर वेळांच्या रकान्यात ‘१५.३०’ आणि ‘२२.२०’ असे दोनच आकडे आहेत, आणि शेऱ्याच्या जागी ‘चप्पल : एक’.